समासातले शास्त्र: प्युरिटन आणि बायबलचा अर्थ

१५६० साली जिनीव्हात छापलेले इंग्रजी बायबल उघडले की मजकुराइतकाच समासही डोळ्यांत भरतो. मधल्या दोन रकान्यांत वचने, प्रत्येक वचनाला आकडा आणि कडेने बारीक टायपात टिपा: कठीण शब्दाचा अर्थ, दुसऱ्या ग्रंथातल्या जुळत्या वचनाचा निर्देश, कधी थेट उपदेश. प्रत्येक ग्रंथाच्या आरंभी त्याचा सारांश आहे, जागोजागी नकाशे आहेत. त्याआधीची इंग्रजी बायबले बहुधा चर्चमधल्या मेजावर ठेवण्याजोगी अवजड, जाड काळ्या वळणाच्या अक्षरांतली. हे आकाराने लहान आणि सुटसुटीत रोमन अक्षरांतले. ते घरी नेता येत होते, मांडीवर घेऊन वाचता येत होते.

ते सिद्ध केले निर्वासितांनी. मेरी ट्यूडरच्या राजवटीत (१५५३ ते १५५८) इंग्लंडात प्रोटेस्टंटांना जिवंत जाळले जात होते. तेव्हा जीव वाचवून जिनीव्हाला गेलेल्या विद्वानांनी हे भाषांतर केले. विल्यम व्हिटिंगहॅम त्यांतला प्रमुख. मेरीनंतर पहिली एलिझाबेथ गादीवर आली, इंग्लंडचे चर्च पुन्हा प्रोटेस्टंट झाले. पण पाळकाचा पांढरा झगा, बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर काढायचे क्रुसाचे चिन्ह, प्रभुभोजनाला गुडघे टेकणे हे जुने विधी तसेच राहिले. ज्यांना ही सुधारणा अर्धवट वाटली, त्यांना विरोधक ‘प्युरिटन’, म्हणजे सोवळेपणाचा अतिरेक करणारे, म्हणून हिणवू लागले. शिवी म्हणून आलेला शब्द पुढे नाव म्हणून रूढ झाला. झगा आणि क्रूस यांवरचा वाद वरवर पोशाखाचा आणि हातवाऱ्यांचा दिसतो. मुळात तो अर्थ लावण्याचा वाद होता. शास्त्रात ज्याला मनाई नाही ते उपासनेत चालेल, की ज्याची आज्ञा आहे तेवढेच चालेल? प्युरिटनांनी दुसरी बाजू घेतली. नाताळचा सण त्यांनी पाळला नाही तोही याच तत्त्वामुळे: ख्रिस्तजन्माची तारीख शास्त्रात नाही, तो दिवस पाळण्याची आज्ञाही नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या प्युरिटन वसाहतीत १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला आणि तो १६८१ पर्यंत टिकला.

या वाचनाची पद्धत शिस्तीने मांडणारा पहिला मोठा माणूस म्हणजे केंब्रिजचा विल्यम पर्किन्स (१५५८ ते १६०२). प्रवचनकलेवरचे त्याचे पुस्तक १५९२ साली लॅटिनमध्ये निघाले, इंग्रजीत ते त्याच्या मृत्यूनंतर आले. मध्ययुगीन परंपरेत एका वचनाचे चार अर्थ लावत. यरुशलेम हा शब्द घ्या. शब्दशः ते यहुद्यांचे नगर, रूपकाने ख्रिस्ताची मंडळी, नीतीच्या दृष्टीने माणसाचा आत्मा आणि अंतिम अर्थाने स्वर्ग. पर्किन्सने हा चौपदरी अर्थ नाकारला. वचनाचा अर्थ एकच आणि तो शब्दार्थ, असे त्याचे ठाम मत. मात्र लेखकाने अलंकार योजला असेल, तर त्या अलंकारातून सांगितलेले तेच त्या वचनाचे खरे म्हणणे, हेही तो मान्य करी.

मग अलंकार कुठला आणि साधे विधान कुठले, हे ठरवायचे कसे? पर्किन्सने तीन साधने दिली. पहिले, शास्त्रातल्या स्पष्ट वचनांतून मिळणारे श्रद्धेचे एकूण सार. दुसरे, वचनाचा प्रसंग: कोण बोलतो, कोणाशी, केव्हा, कुठे, कोणत्या हेतूने, आधी काय आले आहे आणि पुढे काय येते. तिसरे, जुळत्या वचनांची एकमेकांशी तुलना. अखेरच्या भोजनात येशूने भाकर हाती घेऊन ती आपले शरीर असल्याचे म्हटले. हे शब्दशः घ्यायचे का? पर्किन्स म्हणतो, नाही. ख्रिस्त देहासह स्वर्गात गेला, हे श्रद्धेचे कलम आहे. तो देह त्याच वेळी मेजावरच्या भाकरीत असू शकत नाही. म्हणून भाकर ही त्या शरीराची खूण. ज्या वाक्यावरून युरोपात रक्त सांडले, त्याचा उलगडा तो असा एखादा हिशेब तपासावा तितक्या शांतपणे करतो. रोमन कॅथलिकांना आणि लुथरच्या अनुयायांना हा उलगडा मान्य नव्हता, हे अर्थात खरे.

प्रवचनाचा साचाही पर्किन्सनेच घालून दिला. आधी वचन स्पष्ट वाचायचे, मग त्याचा अर्थ शास्त्राच्याच आधारे उलगडायचा, त्यातून उपयोगाचे मोजके सिद्धांत काढायचे आणि शेवटी ते सिद्धांत श्रोत्यांच्या जगण्याला लावायचे. हा शेवटचा टप्पा, ज्याला प्युरिटन ‘उपयोग’ म्हणत, त्यांच्या प्रवचनाचा प्राण होता. पर्किन्सने श्रोत्यांचे सात वर्ग पाडले. अज्ञानी आणि शिकायला नाखूश, अज्ञानी पण शिकू इच्छिणारे, ज्ञान असून नम्रता नसलेले, नम्र झालेले, विश्वास ठेवणारे, पडलेले आणि शेवटी या सगळ्यांची सरमिसळ. एकच औषध सर्वांना चालत नाही, ही वैद्याची दृष्टी त्यामागे आहे. अभ्यास करताना उपदेशकाने हिब्रू, ग्रीक, तर्कशास्त्र सारे वापरावे. व्यासपीठावर मात्र ते दिसू देऊ नये, असेही त्याने बजावले. या साध्या शैलीमागे केवढी मेहनत असे, ते त्या काळची छापील प्रवचने वाचताना कळते.

व्यासपीठावर वाळूचे घड्याळ असे आणि समोर वह्या. श्रोते प्रवचन उतरवून घेत आणि घरी मुलांनोकरांपुढे त्याची उजळणी करीत. बॉस्टनचा व्यापारी रॉबर्ट केन याने तिथला पाळक जॉन कॉटन याच्या प्रवचनांची केलेली टिपणे आजही जपून ठेवलेली आहेत. दुकानदाराने विद्वानाचे प्रवचन मुद्द्यांसह उतरवून घ्यावे, ही त्या समाजात नवलाची गोष्ट नव्हती. त्यासाठी वाचता येणे मात्र आवश्यक होते. मॅसॅच्युसेट्सच्या १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमणे आणि शंभर घरांच्या गावाला लॅटिनची शाळा काढणे बंधनकारक केले. लोकांना शास्त्रापासून दूर ठेवण्याचा सैतानाचा डाव मोडून काढणे, हे कारण कायद्यातच लिहिलेले आहे.

वाचकाच्या हाती समास देणे इंग्लंडच्या राजाला मात्र धोक्याचे वाटले. १६०४ च्या जानेवारीत हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात पहिल्या जेम्सने बिशप आणि प्युरिटन यांची परिषद बोलावली. नवे भाषांतर व्हावे, ही सूचना जॉन रेनल्ड्स या प्युरिटन विद्वानाची. जेम्सने ती उचलून धरली, पण त्यात टिपा नकोत अशी अट घातली. त्याने दोन टिपांवर बोट ठेवले. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात इब्री मुलगे मारण्याचा फारोचा हुकूम सुइणी मोडतात. त्यांनी हुकूम मोडला ते योग्यच, असे जिनीव्हाची टीप म्हणते. इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात आसा राजा मूर्तिपूजक आईला राजमातेच्या पदावरून काढतो. टीप म्हणते, तिला ठार करायला हवे होते. जेम्सची आई मेरी, स्कॉटलंडची राणी, पदच्युत होऊन पुढे इंग्लंडात शिरच्छेदाने मेली होती. १६११ च्या भाषांतराच्या समासात पर्यायी शब्द आणि जुळत्या वचनांचे निर्देश तेवढे राहिले, अर्थ सांगणाऱ्या टिपा गेल्या.

प्युरिटन शास्त्रवाचनाचे सर्वांत नेमके विधान वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने केले. यादवी युद्धाच्या धामधुमीत, १६४३ मध्ये, पार्लमेंटने ती भरवली. तिच्या विश्वासकबुलीचे पहिले प्रकरण देवाविषयी नसून शास्त्राविषयी आहे. त्यातले नियम नीट तोलून लिहिलेले आहेत. शास्त्रातले सगळे सारखेच सोपे नाही. पण तारणासाठी जे लागते ते कुठे ना कुठे इतके उघड आहे की अडाण्यालाही साध्या साधनांनी पुरेसे कळावे. अखेरचा निवाडा हिब्रू आणि ग्रीक मुळावरून व्हायचा, पण भाषांतर प्रत्येकाच्या भाषेत झालेच पाहिजे. एका ठिकाणचा अर्थ शंकास्पद असेल तर तो दुसऱ्या, अधिक स्पष्ट ठिकाणावरून लावायचा. शास्त्र उघड सांगते तेवढेच नव्हे, तर त्यातून तर्काने अपरिहार्यपणे निघणारा निष्कर्षही बंधनकारक. आणि हे शास्त्र देवाचे आहे, याची खात्री मात्र तर्काने होत नाही, ती पवित्र आत्मा अंतःकरणात पटवतो.

शेवटच्या दोन कलमांतच ठिणगी होती. तर्काने निघणारा निष्कर्ष कोणाच्या तर्काने? आत्म्याची साक्ष कोणाच्या अंतःकरणात? गीतरत्नावर प्रवचने देताना रिचर्ड सिब्ससारखे प्युरिटन त्या प्रेमकाव्यात ख्रिस्त आणि मंडळी यांचे नाते पाहत, म्हणजे शब्दार्थाचा नियम त्यांनाही सर्वत्र सारखा पाळता आला नाही. पण खरी कसोटी लागली ती अमेरिकेत.

बॉस्टनमध्ये अ‍ॅन हचिन्सन आपल्या घरी कॉटनच्या प्रवचनांची उजळणी घेत असे. आधी बायका येत, मग पुरुषही येऊ लागले. वसाहतीतले बहुतेक पाळक कृपेच्या कराराऐवजी कर्मांचा करार शिकवतात, म्हणजे तारण देवाच्या कृपेने नव्हे तर माणसाच्या कर्मांनी मिळते असे सांगतात, असे ती म्हणते, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप. १६३७ च्या नोव्हेंबरात तिची चौकशी झाली. या सभांना आधार काय, असे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपने विचारताच तिने तीताला लिहिलेल्या पत्रातले वयस्क स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवण्याविषयीचे वचन पुढे केले. शास्त्रावरच्या वादात ती कुठे कमी पडली नाही. मग तिने सांगितले की देवाने तिला थेट प्रकट करून सांगितले आहे. तो देवच, हे कशावरून, या प्रश्नावर तिने अब्राहामाचा दाखला दिला: इसहाकाच्या बलिदानाची आज्ञा देवाची, हे त्याला तरी कसे कळले? न्यायाधीशांना हवे ते मिळाले. तिला हद्दपार केले गेले.

त्याच वसाहतीतला पाळक रॉजर विल्यम्स याची गोष्ट त्याहून बोलकी आहे, कारण त्याने नियम एकही मोडला नाही. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातल्या दाखल्यात शेतात गव्हाबरोबर निदण उगवते. धनी चाकरांना सांगतो, उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. जॉन कॉटनने अर्थ लावला: शेत म्हणजे मंडळी, आणि निदण म्हणजे तिच्यातले ढोंगी, जे गव्हासारखेच दिसतात. उघड पाखंड्यांना यातून अभय मिळत नाही. विल्यम्सने त्याच अध्यायातल्या अडतिसाव्या वचनावर बोट ठेवले. तिथे येशू स्वतः सांगतो की शेत म्हणजे जग. मग जगात, म्हणजे राज्यात, खोट्या धर्माच्या माणसालाही कापणीपर्यंत राहू दिले पाहिजे. मंडळीने त्याला आपल्यातून काढावे, पण राजाने तलवार उचलू नये. जुन्या करारातले राजे मूर्तिपूजकांना मारत, हा दाखला कॉटनला बळकट वाटे. विल्यम्सच्या मते ते राजे ख्रिस्ताच्या आध्यात्मिक राज्याचे प्रतिरूप होते; ख्रिस्त आला आणि त्यांचे काम संपले. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्यात देहदंडाच्या कलमांपाशी मोशेच्या ग्रंथांतली वचने दिलेली आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या मताचा धोका कळतो. १६३५ साली हद्दपारीची शिक्षा झालेल्या विल्यम्सने पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्स वसवले. छळाविरुद्धचे त्याचे पुस्तक १६४४ साली लंडनला निघाले, तेव्हा पार्लमेंटने ते जाळण्याचा हुकूम काढला. एकाच नियमावर इमानाने चालून दोन प्रामाणिक माणसे विरुद्ध टोकांना पोचली, आणि यात विल्यम्सचे वाचन मजकुराला अधिक धरून आहे, असे म्हणावे लागते.

इंग्लंडात राजेशाही परतल्यावर, १६६२ च्या कायद्याने, सुमारे दोन हजार प्युरिटन पाळकांना चर्चबाहेर काढले गेले. जॉन ओवेनने त्यानंतर इब्री लोकांस पत्रावरचे चार प्रचंड खंड लिहिले. त्याच काळात बेडफर्डला बारा वर्षे तुरुंगात असलेला, फारसे शिक्षण नसलेला जॉन बन्यन याच वाचनातून ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’च्या (१६७८) रूपककथेपर्यंत पोचला. हरि केशवजी यांनी तिचे ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी भाषांतर १८४१ साली केले. मुंबईत १८१३ साली आलेले अमेरिकन मिशनरीही न्यू इंग्लंडातल्या प्युरिटन मंडळ्यांच्याच वारशातले.

प्रत्येकाच्या भाषेत शास्त्र, हा नियम जॉन एलियटने अक्षरशः घेतला. मॅसॅच्युसेट्सच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याने केलेले संपूर्ण बायबल १६६३ साली केंब्रिज या तिथल्या गावी छापले गेले. उत्तर किंवा दक्षिण अमेरिकेत छापलेले ते पहिले संपूर्ण बायबल. जेम्स प्रिंटर या नावाने ओळखला जाणारा निपमक या मूळ रहिवासी जमातीचा तरुण त्या छापखान्यात खिळे जुळवायला होता. वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या १६७५-७६ च्या युद्धात बहुतेक प्रती नष्ट झाल्या, १६८५ साली दुसरी आवृत्ती पुरी झाली. वाचलेल्या काही प्रतींच्या समासांत मूळ रहिवासी वाचकांनी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नोंदी आहेत: कुठे मालकाचे नाव, कुठे स्वतःच्या दैन्याची कबुली, कुठे वाचणाऱ्याला केलेला बोध.