शॉवरवरचे पांढरे डाग घासून का जात नाहीत?

सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी सुरू झाले की बाथरूमच्या काळ्या टाइल्स पांढुरक्या दिसू लागतात, काच धुरकट होते आणि शॉवरच्या दोन-चार धारा भलतीकडेच उडतात. मग तारेची घासणी आणि कपड्यांची पावडर घेऊन रविवारची सकाळ त्यात जाते. डाग मात्र हलत नाहीत, कारण ते मळाचे नसतातच.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते, क्षार जागेवर राहतात. त्यांतला मोठा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक (आयएस 10500) लिटरमागे 200 मिलिग्रॅम काठिण्य स्वीकारार्ह मानते. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेते. समजा, घरचे पाणी 400चे आहे आणि रोज अंघोळीनंतर भिंतींवर व काचेवर 100 मिलिलिटर पाणी तसेच सुकते. वर्षाकाठी तिथे सुमारे 15 ग्रॅम क्षार चिकटतात. साबण किंवा पावडर मळ काढते, दगड नाही. तारेच्या घासणीने काचेवर आणि क्रोमवर चरे पडतात, ते वेगळेच.

काचेच्या खालच्या भागातला राखाडी, चिकट थर मात्र साबणामुळेच होतो. साबण आणि कॅल्शियम यांच्या संयोगातून न विरघळणारा साका तयार होतो. म्हणून साबण जास्त वापरला की बाथरूम जास्त स्वच्छ राहते, हा समज जड पाण्याच्या घरात उलटाच ठरतो.

टाकीत तुरटी फिरवून डाग थांबवण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. तुरटीने गढूळपणा तळाशी बसतो; विरघळलेले कॅल्शियम पाण्यातच राहते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचेही तसेच. फेस छान येतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि उरते ते जवळपास खारट पाणी.

चुनखडी विरघळते ती सौम्य आम्लाने आणि थोडी सवड दिल्यावर. साधे पांढरे व्हिनेगर किंवा कोमट पाण्यात कालवलेले लिंबूसत्त्व प्लास्टिकच्या पिशवीत भरून ती शॉवरच्या तोंडाला रबराने बांधावी. थराला द्रव लागताच बारीक बुडबुडे सुटतात. अर्ध्या-पाऊण तासाने रबरी छिद्रांवरून अंगठा फिरवला तर मऊ झालेले पांढरे कण सहज निघून येतात. सोनेरी किंवा रंगीत मुलामा असेल, तर आधी कोपऱ्यात तपासून पाहावे.

मात्र संगमरवर, कोटा आणि शहाबादी फरशी हे स्वतःच कार्बोनेटचे दगड आहेत. त्यांच्यावर व्हिनेगरही नको. झिलई कायमची जाते. बाटलीत सुटे मिळणारे फरशीचे ॲसिड तर टाइल्समधले सिमेंट आणि नळाचा क्रोमही खाते.

यापेक्षा स्वस्त उपाय आहे तो रबरी वायपरचा. अंघोळ झाल्यावर काचेवरून आणि भिंतीवरून तो एकदा फिरवला की सुकायला पाणीच उरत नाही.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. ब्लीचने बुरशी जाते, क्षार जात नाहीत. तरी घाईत ब्लीच आणि ॲसिड दोन्ही एकदम ओतले जातात. ब्लीच आणि कुठलेही आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना घातक आहे. घरी सफाईला येणाऱ्या ताईंनाही हे आजच सांगा.