वरदेकाठचे माहेर

कार्तिकात वर्धेचे पाणी निवळते आणि तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूरच्या घाटावर स्नानासाठी माणसांची रीघ लागते. ही वर्धा म्हणजे पुराणांतरीची वरदा, आणि तिच्या पश्चिम तीरावरील हे गाव म्हणजे भीष्मकाचे कुंडिनपूर, अशी वऱ्हाडची जुनी श्रद्धा आहे. १९६०च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळाच्याही मागे जाणाऱ्या वस्तीच्या खुणा हाती आल्या. परंतु आम्हां कीर्तनकारांना हे गाव ठाऊक आहे ते माहेर म्हणून.

कुणाचे माहेर, असे विचारले तर लहान मूलही रुक्मिणीचे नाव घेईल. ते योग्यच आहे. तथापि भाऊबिजेच्या या दिवसांत आम्हांला आठवण होते ती याच नगरीच्या दुसऱ्या एका लेकीची. रुक्मिणीच्या कितीतरी आधी विदर्भराज भीमाची कन्या दमयंती याच कुंडिनपुरातून सासरी गेली, आणि संकटात सापडून याच कुंडिनपुराला परत आली. तिची कथा महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषींनी युधिष्ठिराला सांगितली आहे. ऐकणाराही द्यूतात राज्य घालवून अरण्यात बसलेला होता, हे ध्यानी घ्यावे.

नळाने पुष्कराबरोबरच्या द्यूतात एकेक वस्तू हरण्यास आरंभ केला, तेव्हा दमयंतीने पुढचे ओळखले. सारथी वार्ष्णेयाला बोलावून तिने आपली दोन्ही मुले रथात बसविली आणि माहेरी रवाना केली. स्वतः मात्र गेली नाही. वनात एका वस्त्रानिशी हिंडताना नळ तिला पुनःपुन्हा विदर्भाची वाट दाखवू लागला. ती म्हणाली, जायचे तर दोघेही जाऊ. माझे वडील तुमचा मानच करतील. त्यावर नळाचे म्हणणे असे, की ज्या घरी वैभवात गेलो त्या घरी या दशेत कोणत्या तोंडाने जाऊ? वाचकहो, हा प्रश्न काही निषधराजापुरता नाही. नापिकीच्या वर्षी सासुरवाडीच्या लग्नाला जाण्याचे टाळणारे जावई आम्ही वऱ्हाडात पुष्कळ पाहिले आहेत.

पुढे नळ तिला झोपेत टाकून गेला. ती एकटी भटकत चेदिराजाच्या नगरात पोहोचली. मळके, अर्धे फाटलेले वस्त्र, विस्कटलेले केस, मागे टवाळ पोरांचा घोळका, अशा स्थितीत तिला राजमातेने महालावरून पाहिले आणि आश्रय दिला. दमयंतीने आपले नाव सांगितले नाही. सैरंध्री म्हणून राहीन, पण कुणाचे उष्टे खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही, अशा अटी तिने घातल्या. दैन्यातही अटी घालणारी ही स्त्री आम्हांला फार मोठी वाटते.

इकडे भीमराजाने चहूंकडे ब्राह्मण धाडले होते. लेक-जावई सापडल्यास हजार गाई आणि गाव देईन, असे त्याचे वचन होते. त्यांपैकी सुदेव नावाच्या ब्राह्मणाने भुवयांमधल्या जन्मखुणेवरून तिला ओळखले. आपल्याकडे लेकीला सासरहून आणावयास जाणाऱ्याला मुऱ्हाळी म्हणतात. हा सुदेव तिचा मुऱ्हाळी झाला. ओळख पटली तेव्हा राजमाता तिची सख्खी मावशीच निघाली. माझे घर ते तुझ्या वडिलांचेच घर, असे मावशी म्हणाली. दमयंतीने तिचे उपकार मानले. पण माझी लेकरे तेथे आईबापांवाचून आहेत, एवढे सांगून तिने निरोप मागितला.

ती कुंडिनपुरात आली. मुले, आईवडील, सख्या सारे कुशल पाहिले, देवांना वंदन केले, एक रात्र विसावली. पती का सोडून गेला, तू एकटी कशी राहिलीस, असली चौकशी व्यासांनी कुणाच्याही तोंडी घातलेली नाही. राजाने सुदेवाला ठरलेले दान दिले आणि घर पुन्हा घर झाले. आमच्या मते या उपाख्यानातील सर्वांत सुंदर जागा ही आहे, आणि कीर्तनात ती बहुधा दोन वाक्यांत आटोपली जाते.

दुसऱ्या दिवशी दमयंतीने आईला सांगितले, मी जगावी असे वाटत असेल तर नळाला शोधा. आईला उत्तर देववेना, ती नुसती रडली. मग शोध, अयोध्येला धाडलेला दुसऱ्या स्वयंवराचा खोटा निरोप, बाहुकरूपी नळाची केशिनीकरवी घेतलेली परीक्षा, हे सारे या माहेरच्या घरात बसून तिने घडविले. निरोपाची युक्ती तर वडिलांना न कळविता, केवळ आईच्या विश्वासावर. नळ प्रकट झाला, महिनाभर येथे राहिला, आणि मग आपले राज्य परत जिंकण्यास गेला.

आता रुक्मिणीकडे पाहावे. तिने मनाने वर निवडला, द्वारकेला निरोप धाडला आणि अंबिकेच्या दर्शनाहून कृष्णाच्या रथात चढली. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी रुक्मीची प्रतिज्ञा. तो हरला, बहिणीने पाय धरले म्हणून वाचला, आणि भोजकट नावाचे निराळे नगर वसवून राहिला. परंपरा त्याचा संबंध आजच्या भातकुलीशी जोडते. वाकाटक प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटातही भोजकट राज्याचा उल्लेख आहे. वैर मनात असूनही रुक्मीने बहिणीला बरे वाटावे म्हणून आपली मुलगी भाच्याला दिली आणि पुढे नातही तिच्या नातवाला दिली. त्या नातवाच्या, अनिरुद्धाच्या, लग्नाला रुक्मिणी भोजकटास गेली, आणि त्याच मांडवात फाशांच्या खेळावरून बलरामाने रुक्मीला ठार केले. कृष्ण बरे-वाईट काहीच बोलला नाही. वऱ्हाड नवरीला घेऊन द्वारकेला परतले. रुक्मिणी कुंडिनपुरास कधी आली, हे भागवतात नाही.

एकदा तिवशाकडील एका गावी रुक्मिणीस्वयंवराचे आख्यान संपल्यावर एक म्हातारी आमच्यापाशी येऊन म्हणाली, "महाराज, मंग रुक्मिणीमाय माहेराले आली का नाई?" आम्ही दशमस्कंधाचा आधार सांगू लागलो. तिने तो पुरता ऐकूनही घेतला नाही. "तं मंग आपुनच जाव लागते," असे म्हणून ती प्रसाद घेऊन चालू लागली.

तिचे म्हणणे वऱ्हाडाने फार पूर्वीच आचरणात आणले आहे. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी आषाढीस पंढरपूरला पायी जाते, इ. स. १५९४ मध्ये सदाराम महाराजांनी ती सुरू केली, असे तेथील परंपरा सांगते. पंढरीतही रुक्मिणीचे देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळे. रुसून दिंडीरवनात आलेल्या लेकीकडे माहेरची माणसे दरसाल जातात. २०२० साली करोनामुळे वारी बंद होती, तेव्हा ज्या मोजक्या पालख्यांना परवानगी मिळाली त्यांत ही एक होती. त्या वर्षी रुक्मिणीच्या माहेरचे मूळ मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी.ने पंढरपूरला गेले.