स्टाईल कोणती, यापेक्षा शिकवणार कोण?

परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावात मुलीला कराटेच्या क्लासला घालायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो स्टाईलचा. शोतोकान, गोजू-रियू, शितो-रियू की वाडो-रियू? क्लासच्या फलकावर तेच नाव ठळक असते आणि फी भरण्याआधी ही गाठ सुटली पाहिजे असे पालकांना वाटते. त्यांची काळजी रास्त आहे, पण प्रश्नांचा क्रम चुकतो. कराटेचा गेल्या सव्वाशे वर्षांचा मागोवा घेतला तर एकच गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. ती म्हणजे, शैलींची नावे मागाहून आली आणि त्याआधी होते ते शिकवणारे गुरू. म्हणून नवशिक्याने आधी शिक्षक पारखावा, शैली नंतर पाहावी.

1901च्या सुमारास जपानच्या ओकिनावा बेटावर आंको इतोसु यांनी कराटे शाळेत नेले आणि शाळकरी मुलांना झेपतील असे ‘पिनान’ नावाचे पाच काता, म्हणजे हालचालींचे ठरावीक क्रम, तयार केले. तेव्हा आजच्या शैलींपैकी एकीचेही नाव नव्हते. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवले, तेही नुसत्या कराटेचे. ‘शोतो’ हे त्यांचे टोपणनाव. त्यावरून शिष्यांनी त्यांच्या प्रशिक्षणगृहाला नाव दिले आणि पुढे तेच शैलीला चिकटले. केनवा माबुनी हे इतोसु आणि ओकिनावाचेच दुसरे गुरू हिगाओन्ना या दोघांकडे शिकले आणि दोन्ही गुरूंच्या नावांतली अक्षरे घेऊन त्यांनी शितो-रियू उभी केली. हिगाओन्नांचेच दुसरे शिष्य चोजून मियागी यांनी गोजू-रियू घडवली. हिरोनोरी ओत्सुका फुनाकोशींकडे येण्याआधीच जुजुत्सू या जपानी युद्धकलेत मुरलेले होते. जुजुत्सू आणि फुनाकोशींचे कराटे यांच्या मेळातून वाडो-रियू आली. या चारही शैली एकाच छोट्या बेटावरून निघालेल्या, एकमेकींत गुंतलेल्या गुरुपरंपरा आहेत.

नवशिक्याच्या सरावात हे नाते डोळ्यांना दिसते. शोतोकानचा पहिला हेयान (पिनानचेच शोतोकानमधले नाव) आणि शितो-रियूचा ‘पिनान निदान’, म्हणजे दुसरा पिनान, हा मुळात एकच काता. सुरुवातीला डावीकडे वळायचे, डाव्या हाताने वार अडवायचा आणि उजवे पाऊल पुढे टाकत ठोसा मारायचा. शोतोकानचा विद्यार्थी लांब पाऊल टाकून खोल बसतो, शितो-रियूचा आखूड पावलात उभा राहतो. फरक आहे, पण पहिल्या वर्ष-दोन वर्षांत त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच असते. लांब पवित्र्यात पुढचा गुडघा पावलाच्या रेषेत राहतो की आत कोसळतो? तो आत कोसळत राहिला तर सांध्यावर नको तो ताण येतो. ही चूक मुलाजवळ जाऊन, गुडघ्याकडे बोट दाखवून रोज दुरुस्त करणारा शिक्षक कोणत्याही शैलीत हवाच, आणि तो नसेल तर शैलीचे मोठे नावही कामी येत नाही.

यावर आक्षेप घेता येतात आणि त्यांत तथ्यही आहे. पहिला आक्षेप असा, की सगळ्या शैली सारख्या नाहीत. मासुतात्सु ओयामा यांच्या क्योकुशिन शैलीत अंगावर पूर्ण जोराने प्रहार होतात. हा फरक वरवरचा नाही आणि पालकांनी तो आधीच विचारून घ्यावा. पण लहान मुलांना तिथे किती आणि केव्हा भिडवायचे, हे शेवटी शिक्षकच ठरवतो. दुसरा आक्षेप स्पर्धेचा. ज्याला पदक हवे त्याने मोठ्या शैलीतच जावे, असे म्हणतात. पण 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या काता प्रकाराचे सुवर्ण ओकिनावाच्या रियो कियुना यांनी जिंकले. ते र्युएई-रियूचे, म्हणजे एका घराण्यात जपलेल्या आणि मोठ्या चौघींत न मोडणाऱ्या शैलीचे खेळाडू. तिसरा आक्षेप प्रमाणपत्राचा. शालेय स्पर्धेसाठी कागद लागतात, हे खरे. पण कागदाची मान्यता शैलीवर नसून संघटनेवर असते आणि तीही बदलते. 2020 मध्ये जागतिक कराटे महासंघाने कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता तात्पुरती काढून घेतली होती. तेव्हा आज कोणती संघटना मान्य आहे, हे प्रवेश घेताना स्वतंत्रपणे विचारावे.

आधी शिक्षक पारखण्याची ही कसोटी आपल्या मुलखाला नवी नाही. पोराला तालमीत घालताना लोक वस्ताद कोण आहे, त्याच्या हाताखाली कोण तयार झाले, हेच विचारतात. कराटेच्या क्लासलाही तीच नजर लावावी. एक-दोन तास बसून सराव पाहू देतात का, मुलींशी वागणे कसे आहे, हात लावून पवित्रा सुधारताना मर्यादा पाळतात का, दुखापत झाली की सराव थांबवतात का, ग्रेडिंगची फी आधी सांगतात का? ठरावीक महिन्यांत ब्लॅक बेल्टची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. पिंगळीच्या मुलीला रोज परभणीला जाणे जमणार नसेल, तर दूरच्या नामांकित शैलीपेक्षा गावातला किंवा जवळचा नेटाने शिकवणारा शिक्षक निवडावा, कारण नियमित सरावावाचून कोणतीही शैली अंगी येत नाही. पाया पक्का झाल्यावर शैली बदलता येते. ओयामा स्वतः शोतोकान आणि गोजू-रियू दोन्ही शिकले होते. कोवळ्या वयात अंगवळणी पडलेली चुकीची सवय मोडणे मात्र फार अवघड जाते, म्हणून पहिला शिक्षक निवडतानाच सर्वांत जास्त वेळ घ्यावा.