तीन मिनिटांचा फरक

नवऱ्याची बदली लातूरला झाली की नांदेडचा संसार टेम्पोत भरला जातो. सामानात रमजानचे वेळापत्रकही येते. पण ते तिथे चालत नाही. लातूर पश्चिमेकडे असल्याने सूर्य सुमारे तीन मिनिटे उशिरा मावळतो. रोजा सोडण्याची, म्हणजे इफ्तारची वेळही तेवढी पुढे जाते.

नवऱ्याच्या ओळखी कार्यालयात होतात. घरी शिवणकाम करणाऱ्या बायकोची गिऱ्हाइके मात्र गोदाकाठीच राहतात, तीही ईदच्या कपड्यांच्या ऐन हंगामात.

इ.स. 622 मध्ये पैगंबर मुहम्मद (स.) आणि त्यांचे साथी मक्का सोडून मदिनेला आले. ही हिजरत. पैगंबरांनी आलेल्यांचे मदिनेकरांशी भावाचे नाते जोडले. साद बिन रबी यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना निम्मी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. तिथे व्यापार करून ते पुन्हा उभे राहिले.

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते मिळतात. अस्तर, बटणे, दोरा कुठल्या रस्त्याला मिळतो, हे नव्या बाईला कुणीतरी सांगायला हवे. इफ्तारचे ताट शेजारी जाते आणि आपल्याकडे भांडे रिकामे परत करत नाहीत. यंदा ते परत करताना शेजारणीने, मग ती कुठल्याही धर्माची असो, एखादा ब्लाउजही तिच्याकडे शिवायला टाकावा.