नुसता गोड गळा पुरत नाही

संगीत नाटकाची पात्रनिवड म्हणजे गायनस्पर्धा नव्हे. आमच्या हौशी मंडळाने विद्याधर गोखले यांचे 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) बसवायला घेतले, तेव्हा हे मला कळले. आधी पेटीवर प्रत्येकाची पट्टी पाहिली. पुरुष बहुधा काळी एकमध्ये गातात, स्त्रिया काळी चारच्या आसपास, तेव्हा जोडी जुळवावी लागते. मग संवाद म्हणवून, तो संपताच न थांबता पद उचलायला लावले. येथेच बहुतेक अडखळले: गाणे सुरू होताच पात्र नाहीसे होई, उरे तो गवई. माझा सूर लागला. पण 'बाण'चा 'बान' झाला. शहाजहानच्या दरबारातील संस्कृत पंडिताच्या तोंडी तो कसा शोभावा? मला दरबारी केले. घरची बोली मी टाकणार नाही. 'ण' मात्र रोज घोटतो आहे.