दिवाळीचा किल्ला : अंगणातले युद्धशास्त्र

इटियाडोह जलाशयाच्या परिसरात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एक प्रतापगड आहे. साताऱ्याचा नव्हे, झाडीपट्टीचा. गोंडकालीन समजला जाणारा. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, जवळच दर्गाही आहे. पण दिवाळीत मातीचा किल्ला करायचा म्हटले की विदर्भातल्या मुलांच्याही डोळ्यांपुढे येतात ते रायगड, राजगड आणि जावळीतला प्रतापगड. नागपुरात तर किल्ल्यांच्या स्पर्धाही होतात.

या किल्ल्याला आपण मुलांचा खेळ म्हणतो. खरे तर तो भूगोल आणि युद्ध एकत्र मांडणारा देखावा आहे, आणि त्याचे बहुतेक साहित्य पायाखालचे असते. दगड-विटांचा ढीग रचायचा, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे. गोणपाटाला पडलेल्या चुण्यांतून सोंडा आणि घळी आपोआप तयार होतात. वर चाळलेल्या मातीचा लेप. इथे मातीची पारख लागते. भंडारा-गोंदियाचा शेतकरी जिला कन्हार म्हणतो ती भारी काळी माती सुकताना भेगाळते. तिच्यात वाळू आणि बारीक चिरलेली धानाची तणस कालवली की लेप टिकतो.

हिरवळीसाठी अळीव आणि मोहरी दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी पेरतात. उतारावर मोहरी घरंगळते, भिजलेला अळीव मात्र बुळबुळीत होऊन मातीला चिकटून बसतो. जाणकार पोरे कड्यांवर काहीच पेरत नाहीत. कडा उघडा दिसला तरच तो कडा वाटतो. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांची झाडी होते, आणि जावळीचा देखावा असेल तर ती दाटच हवी. 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखानाच्या फौजेवर तुटून पडलेले मावळे त्या रानाच्याच आडोशाला होते.

तटाबुरुजांहून अवघड काम वाटेचे. दरवाजा समोरून दिसला की तो किल्ला फसला. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत दडलेला आहे. वाट ऐनवेळी वळते, धावून येणाऱ्याचा जोर मोडतो आणि वरून मारा करायला जागा मिळते. हे वळण ज्याने ओल्या मातीत बोटाने काढले, त्याला गोमुखी रचना समजावून सांगावी लागत नाही. पाण्याची टाकी कुठे खणायची, हा पुढचा प्रश्न. पाण्यावाचून वेढ्यात गड किती दिवस तग धरणार?

मापाचे गणित मात्र गमतीचे आहे. बाजारातला मावळा सात सेंटीमीटरचा धरला, तर तो खऱ्या माणसाच्या चोविसाव्या हिश्शाएवढा झाला. त्याच मापाने समुद्रसपाटीपासून 820 मीटर उंचीचा रायगड उभारायचा तर 34 मीटर चढावे लागेल. म्हणून डोंगराचे माप वेगळे, माणसांचे वेगळे. ही तडजोड फक्त पोरे करत नाहीत. विल्यम सायबॉर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केलेली वॉटर्लूच्या लढाईची प्रचंड प्रतिकृती 1838 मध्ये लंडनला मांडली गेली. तिच्यात जमीन सुमारे 1:600 मापाची, तर हजारो शिपाई त्याहून कितीतरी मोठ्या, 1:180 मापाचे आहेत. जमिनीच्या मापाने केले असते तर ते मुंगीएवढे झाले असते.

आता साच्यातले तयार किल्लेही मिळतात. ते सुबक असतात, पण त्यांत वाट कुठून न्यायची हे दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांच्या प्रतिकृती होतीलच. पण इटियाडोहच्या पोरांनी एखाद्या दिवाळीत स्वतःचा प्रतापगड करायला घ्यावा. त्याचा तयार साचा मिळणार नाही, तेव्हा आधी गडावर चढून उतार, वाट आणि पाणी वहीत उतरवावे लागेल. सायबॉर्ननेही आधी महिनोन्‌महिने रणभूमीवर राहून जमीन मोजली होती, आणि शिपाई नंतर मांडले होते.