गडद अंडे हवे, तर आधी कोंबडा तपासा

सुरगाण्याच्या आठवडे बाजारात कोंबडीचा सौदा आधी डोळ्यांनी होतो. हातात उचलून वजनाचा अंदाज घेणे मागाहून. तांबड्या अंगाचा, काळ्या शेपटीचा कोंबडा दिसला की गिऱ्हाईक थांबते. नवसासाठी काळी कोंबडी शोधणारा तर पंख उलगडून आत एखादे पांढरे पीस नाही ना, हे पाहतो. अंड्याचेही तसेच आहे. नाशिकचे गिऱ्हाईक तपकिरी कवच पाहते आणि गावठी समजून चार पैसे जास्त मोजते. हा व्यापार करणाऱ्या आमच्या बांधवांना हे नव्याने सांगायला नको. त्यांची तक्रार वेगळीच आहे. पूर्वीसारखा रंगाचा माल मिळत नाही. पाटीत फिकी अंडी वाढली आहेत आणि चितकबऱ्या, पांढरट कोंबड्यांना भाव पाडून मागतात.

याचे मोठे कारण कोंबड्याच्या निवडीत आहे, असे आमचे मत आहे. अंडी कोंबडी देते, म्हणून अंड्याचा रंग तिच्याकडूनच येतो अशी सर्वत्र समजूत आहे. त्यामुळे कोंबडी अंडे पाहून ठेवली जाते आणि कोंबडा मात्र तुरा, पिसे व अंगलट पाहून. पण कवचाचा रंग आई आणि बाप दोघांकडून उतरतो. कोंबडा स्वतः अंडे घालत नसला तरी त्याच्या आईच्या अंड्याचा रंग तो आपल्या मुलींना देतो. तेव्हा कोंबडा निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा की, हा कोणत्या रंगाच्या अंड्यातून निघाला?

सर्वांत जास्त नुकसान करतो तो पांढरा लेगहॉर्न. ही जात वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. आपली गावठी कोंबडी पन्नास-साठच. म्हणून अंडी वाढतील या आशेने कोणी तो कोंबडा गावठी कोंबड्यांत सोडतो. लेगहॉर्नचा पांढरा रंग मोठा जोरकस असतो. काळ्या कोंबडीपासून झालेली त्याची पिल्लेसुद्धा बहुतेक पांढरीच निघतात, अंगावर फार तर दोन-चार काळे ठिपके. त्याच पिल्लांतल्या तलंगा मोठ्या होऊन अंड्यावर आल्या की कवच मलईच्या रंगाचे निघते. म्हणजे एकाच कोंबड्याने पिसांचाही भाव घालवला आणि अंड्याचाही. जात सुधारायचीच असेल तर ऱ्होड आयलंड रेड किंवा काळा ऑस्ट्रॉलॉर्प बरा. दोन्ही रंगीत आणि दोन्हींची अंडी तपकिरी.

बंगळूरची गिरिराजा आणि हैदराबादची वनराजा यांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. रंगीत पिसे, तपकिरी अंडी, वाढ झपाट्याने, म्हणून परसात त्या चांगल्या चालतात. पण या संकरित कोंबड्या आहेत. त्यांचीच अंडी उबवून पुढची पिढी काढली तर ना रंग सारखा येतो, ना वाढ. त्या पाळायच्या तर दर खेपेला नवी पिल्ले विकत आणावीत. वाण राखायचा तर गावठीतूनच निवड करावी.

आता निवडीची रीत. अंडे तयार व्हायला साधारण एक दिवस लागतो. त्यातला बराच वेळ ते कवच बनणाऱ्या पिशवीत असते आणि तपकिरी रंग मुख्यतः शेवटच्या काही तासांत चढतो. त्या वेळी कोंबडी कुत्र्याला घाबरली, उन्हाने धापू लागली वा आजारी असली तर अंडे फिके येते. तलंगेची पहिली अंडी गडद असतात. अंडी घालण्याचा हंगाम जसा लांबतो तसा रंग उतरतो. म्हणून नव्या तलंगेचे अंडे जुन्या कोंबडीच्या अंड्याशी ताडून पाहू नये. एकाच वेळी अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची अंडी शेजारी ठेवून पाहावीत. कोणते अंडे कोणाचे हे कळण्यासाठी त्या वेळेपुरती कोंबडी डालग्याखाली झाकावी आणि अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी. सर्वांत गडद अंड्याचे टरफल नमुना म्हणून जपावे, मात्र अंधारात. उन्हात त्याचा रंग उडतो.

कोंबडा बदलला की लगेच अंडी रवणीला ठेवायची घाई करू नये. जुन्या कोंबड्याचे बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकते. त्याला दूर करून तीन आठवडे जाऊ द्यावेत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा गडद अंडी ठेवावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. त्यांच्या पायांत रंगीत दोरा बांधावा आणि पाय वाढेल तसा तो सैल करावा, नाहीतर रुततो. गावठी तलंग अंड्यावर यायला सहा-सात महिने लागतात. हे काम दोन-तीन वर्षे धीर धरणाऱ्याचे आहे. फ्रान्समधल्या मारान जातीची चॉकलेटी अंडी अशीच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून झाली आहेत. पण फार गडद अंडी देणारी कोंबडी बहुधा कमी अंडी देते, हेही हिशेबात धरावे.

चाऱ्याने कवच गडद होत नाही. नागली, कणी, हिरवा पाला, मका यांचा गुण बलकात उतरतो. तपकिरी अंडे जास्त पौष्टिक ही समजूतही खरी नाही. गिऱ्हाईक पैसे मोजते ते वाणाचे आणि चवीचे. म्हणूनच फार्मची पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावठी म्हणून विकणारे निघाले आहेत. हा सरळ धोका आहे आणि त्याने खऱ्या मालाचाही भाव पडतो. घाऊक माल घेताना एक पाहावे. निरनिराळ्या कोंबड्यांची अंडी कधीच एका छटेची नसतात. शंभर अंडी तंतोतंत सारखी दिसली तर ओला फडका फिरवून पाहावा.

कडकनाथबद्दलही असेच बोलले जाते. झाबुआच्या या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची कातडी आणि मांस काळे, पण अंडे फिक्या तपकिरी किंवा मलईच्या रंगाचे. काळे अंडे दाखवून कोणी कडकनाथचे म्हणाला तर तेथून उठावे. 2019 मध्ये सांगली भागात कडकनाथ पालनाच्या योजनेत अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले, ते प्रकरण वाचकांना आठवत असेलच.

एक शेवटची गोष्ट रोगाची. सुरगाण्याच्या उत्तरेस, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. 2021 मध्ये तेथे पुन्हा तेच घडले. मेहनतीने जमवलेला वाण एकाच खुराड्यात ठेवला तर तो एका दिवसात जाऊ शकतो. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी. बाजारातून न विकता परत आलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी. आणि निवडलेल्या अंड्यांपैकी निम्मी दुसऱ्या गावच्या भरवशाच्या माणसाकडे उबवायला द्यावीत. पुढे कोंबडा बदलायची वेळ आली की तो त्याच्याकडूनच घेता येतो, आणि त्याच्या आईचे अंडे कसे होते हे विचारत फिरावे लागत नाही.